मंत्र एक, अर्थ छत्तीस

'खेळच तो! त्याच्या नियमांतल्या एका शब्दावरून एवढे रण कशाला माजवायचे?' असे विचारणाऱ्यांची जात मोठी चिवट आहे. हीच मंडळी भाऊबिजेच्या रात्री मेंढीकोटाचा डाव रंगला असता, हातात त्या रंगाचे पान असून हुकूम मारला म्हणून सख्ख्या मेव्हण्याशी दोन दोन दिवस अबोला धरतात, ती गोष्ट निराळी! तेव्हा त्यांच्या प्रश्नाला भीक न घालता मी सरळ मुद्द्यावर येतो. टेबलाभोवती बसून खेळावयाच्या ज्या कथाखेळांचे वेड गेल्या पन्नास वर्षांत अमेरिकेतून जगभर पसरले, त्यांच्या नियमपुस्तकांत मंत्र ज्या भाषेत लिहिले जातात ती भाषा मोघम आहे. ती मोघम राहू दिली जाते. आणि तिचे प्रायश्चित्त लिहिणाराला न पडता खेळणाऱ्या पोरांना पडते, अशी माझी तक्रार आहे.

ज्या वाचकांना हा खेळ नवा असेल त्यांच्यासाठी चार शब्द सांगतो. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावी गॅरी गायगॅक्स या गृहस्थाने, मिनेसोटाच्या डेव्ह आर्नेसन यांच्या जोडीने, १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. एका खोक्यात तीन लहान पुस्तिका, पहिल्या छपाईच्या प्रती एक हजार, किंमत दहा डॉलर. या खेळाला पट लागतोच असे नाही. सोंगट्या असल्या तर असल्या. चारपाच मित्र जमतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात: कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक. सूत्रधार म्हणतो, 'तुम्ही एका ओल्या भुयारात उभे आहात, समोर लोखंडी दार आहे.' मग ज्याने त्याने आपले पात्र काय करते ते तोंडाने सांगायचे, आणि ते साधते की फसते याचा निकाल वीस बाजूंच्या फाशाने लावायचा. आजी गोष्ट सांगत असता नातवंडाने मधेच 'आता राजपुत्र भिंतीवरून उडी मारतो' म्हणावे, आणि आजीने रागे न भरता तीच गोष्ट पुढे न्यावी, तसा हा प्रकार. आता पुण्यामुंबईतही हा खेळ खेळणारी तरुण मंडळी आहेत. चार चार तास फोन बाजूला ठेवून समोरासमोर बोलत बसणारी पोरे आजच्या काळात दिसावीत, एवढ्यासाठीच खरे तर मी या खेळाचा ऋणी आहे. आणि म्हणूनच त्याच्या पुस्तकावर मला राग येतो.

कारण मंत्रांची गोष्ट इतर नियमांहून वेगळी आहे. तलवार कशी चालते, दोरावरून कसे चढतात, दार कसे फोडतात हे सगळ्यांना ठाऊक असते. नियम अपुरा पडला तरी माणसे अनुभवाने भर घालतात. मंत्राला असा आधारच नाही. तो पुस्तकात जेवढा लिहिला तेवढाच असतो. त्या परिच्छेदाबाहेर त्याला जगात कुठे अस्तित्व नाही. तुमच्या माझ्यापैकी कुणीही कधी अदृश्य माणसाशी लढलेले नाही. तेव्हा 'अशा वेळी खरे काय होते?' हा प्रश्न विचारायची सोयच नसते. मांत्रिकाची सारी मालमत्ता म्हणजे ती वाक्ये! २०१४ साली या खेळाची पाचवी आवृत्ती निघाली. खेळाडूंचे पुस्तक ३२० पानांचे, किंमत पन्नास डॉलरला पाच सेंट कमी. आणि त्यातला सुमारे चौथा हिस्सा निव्वळ मंत्रांनी व्यापलेला. साडेतीनशेहून अधिक मंत्र. एवढा कागद ज्या गोष्टीवर खर्च झाला तिचे शब्द तरी तोलून घ्यावेत की नाही?

याच पुस्तकात 'सी इन्व्हिजिबिलिटी' नावाचा मंत्र आहे. आपण त्याला अदृश्यदर्शन म्हणू. मंत्र म्हणतो की, तासभर तुम्हाला अदृश्य जीव आणि वस्तू जणू दृश्य असल्याप्रमाणे दिसतील. वाचून शंका यायचे कारण नाही. पण याच पुस्तकाच्या शेवटी निरनिराळ्या अवस्थांची यादी आहे, आणि तिथे 'अदृश्य' या अवस्थेखाली दोन कलमे आहेत. पहिले कलम सांगते की, असा जीव जादूवाचून किंवा विशेष इंद्रियावाचून दिसत नाही. दुसरे सांगते की, त्याच्यावर हल्ला करणाऱ्याने दोन फासे टाकून त्यांतला कमी आकडा धरावा, आणि त्याने स्वतः हल्ला केला तर दोहोंतला जास्त आकडा धरावा. हे दुसरे कलम 'दिसत नसल्यामुळे' असे म्हणत नाही. ते आपले स्वतंत्र, ताठ उभे आहे. झाले! शब्दाला चिकटणारा म्हणतो: अदृश्यदर्शनाने पहिले कलम गेले, दुसरे कुठे गेले? शत्रू तुझ्या डोळ्यांसमोर लख्ख उभा आहे, त्याच्या अंगरख्याची बटणेसुद्धा तुला मोजता येतात, तरी तुझा वार आंधळ्याचाच धरला जाईल.

सरळ बुद्धीचा माणूस म्हणेल, हा चावटपणा आहे. पण शब्दनिष्ठांचा युक्तिवाद पाहा. 'फेअरी फायर' नावाचा दुसरा एक, त्याहून खालच्या पायरीचा मंत्र आहे. त्यात स्पष्ट लिहिले आहे की, ज्याच्यावर तो चालतो त्याला अदृश्यतेचा लाभ मिळणार नाही. म्हणजे लेखकाला जिथे तो लाभ काढून घ्यायचा होता तिथे त्याने तसे लिहिले. इथे लिहिले नाही, अर्थात इथे काढायचा नव्हता! मीमांसकांच्या पाठशाळेत शोभावा असा हा तर्क आहे, आणि तो खोडणे सोपे नाही. शेवटी या आवृत्तीचे प्रमुख नियमकार जेरेमी क्रॉफर्ड यांनीच जाहीरपणे शब्दनिष्ठांच्या बाजूने कौल दिला. पुस्तकात लिहिले आहे त्याचा अर्थ तोच. म्हणजे ज्याचा कुणाही नव्या वाचकाला संशयसुद्धा येणार नाही तो अर्थ खरा, आणि जो पहिल्या वाचनात प्रत्येकाच्या मनात येतो तो खोटा! बरे, या गृहस्थांची ट्विटरवरची उत्तरे नियम म्हणून धरावीत, तर पुढे २०१९ साली असेही जाहीर झाले की, ती उत्तरे अधिकृत निर्णय मानू नयेत. अधिकृत काय ते कंपनीच्या सल्ला-संकलनात पाहावे. श्रुती निराळी, स्मृती निराळी, आणि भाष्य तिसरेच. पन्नास डॉलर मोजून पुस्तक घरी आणणाऱ्याने हे सारे धुंडाळत कुठे फिरावे?

याने बिघडते काय? ते टेबलापाशी बसून पाहावे लागते. तिसऱ्या पायरीवरच्या मांत्रिकाला दिवसभरात या दर्जाचे मंत्र दोनदाच म्हणता येतात. दोन! योद्ध्याची तलवार दिवसभर चालते. असा एक मांत्रिक एखाद्या अबोल मुलीने घेतला आहे, असे समजा. दोन तास ती गप्प बसून इतरांचे पराक्रम ऐकत आहे. मग अदृश्य शत्रू येतो, सगळे गडबडतात, आणि तिला आठवते की आपल्यापाशी नेमका याच्यावरचा मंत्र आहे. तिची पाळी येते. ती मंत्र म्हणते. आणि पलीकडून कुणीतरी पुस्तक उघडून म्हणतो, 'थांब हं, याने तसे होत नाही.' मग अर्धा तास वाद. त्या वादात जिंकतो कोण? ज्याचा आवाज मोठा, ज्याची सूत्रधाराशी दोस्ती जुनी, ज्याने चार वादविवाद स्पर्धा मारल्या आहेत, तो. संदिग्ध नियम कुणाच्याच बाजूचा नसतो असे वरवर वाटते, पण तो नेहमी वाचाळाच्या बाजूचा असतो. त्याच मंत्रावर बोलक्या मुलाने अर्धा तास किल्ला लढवला तर त्याला तो फळतो. अबोल मुलगी 'बरं, राहू दे' म्हणून पाने मिटते, तिचा मंत्र वाया जातो, आणि पुढच्या रविवारी तिला काहीतरी काम निघते. हा अन्याय आहे. तो फाशाने केलेला असता तर तिने हसून सोसला असता. फाशावर कुणी रुसत नाही.

हे एकच उदाहरण नाही. 'सजेशन' नावाचा मंत्र घ्या. समोरच्याला एखादी सूचना करायची आणि त्याने ती पाळायची. अट अशी की, ती सूचना वाजवी वाटेल अशा शब्दांत मांडलेली हवी. वाजवी कुणाला? ऐकणाऱ्याला, सूत्रधाराला, की मंत्र म्हणणाऱ्याला? पुस्तकाने मासला दिला आहे तो असा की, एखाद्या सरदाराने वाटेत भेटेल त्या पहिल्या भिकाऱ्याला आपला लढाईचा घोडा देऊन टाकावा. हे वाजवी असेल तर जगात अवाजवी काय उरले, ते त्या सरदाराच्या बायकोला विचारावे! आणि सूचना किती लांब असावी? तर एकदोन वाक्यांची. आमच्या पिढीतल्या लेखकांना एका वाक्यात दीड पान भरता येते हे या अमेरिकन मंडळींना ठाऊक नसावे. 'चिल टच' नावाचा मंत्र २०१४च्या पुस्तकात तर असा होता की, नावात गारठा आणि स्पर्श, प्रत्यक्षात गारठाही नाही आणि स्पर्शही नाही. एकशेवीस फुटांवरून भुताचा हात चालवायचा. 'मॅजिक मिसाइल'चे तीन बाण एकाच वेळी लागतात, तर फासा एकदा टाकायचा की तीनदा, यावर किती मैत्र्या आंबल्या असतील कोण जाणे.

यावर खेळाच्या कैवाऱ्यांचे ठरलेले उत्तर आहे. ते म्हणतात, 'ही संदिग्धता नव्हे, ही मोकळीक. सगळे लिहून ठेवले तर कल्पनाशक्तीला वाव कुठे?' हे उत्तर ऐकायला इतके गोड आहे की पुष्कळ जण तिथेच थांबतात. मला मात्र त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ दिसते. मोकळीक देणारा लेखक उघडपणे सांगतो की, इथे मी काही ठरवलेले नाही, तुम्ही ठरवा. याच पुस्तकात 'विश' हा वरदानाचा मंत्र आहे. इच्छा जितकी मोठी तितका घोटाळ्याचा संभव अधिक, आणि काय घडेल ते ठरवण्याचा मोठा अधिकार सूत्रधाराचा, असे तो स्वच्छ सांगतो. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. मागणाऱ्याला आपण जुगार खेळतो आहोत हे माहीत असते. १९७४च्या पुस्तिकांनीही शेवटी वाचकांना बजावले होते की, शंका आमच्याकडे पाठवण्यापेक्षा तुम्हीच ठरवा आणि तसे खेळा. दहा डॉलरच्या खोक्याने केलेला तो प्रामाणिक करार होता. पण अदृश्यदर्शन काही सोपवत नाही. आपण सर्व ठरवले आहे असा आव आणून ते दोन अर्थ हाती देते. घरमालकाने 'अंगण मोकळे आहे, हवे ते लावा' म्हणणे वेगळे, आणि दोघांना एकाच खोलीच्या किल्ल्या देणे वेगळे.

आणि नेमक्या शब्दांनी कल्पनाशक्ती मरते, हे यांना सांगितले कुणी? हिरण्यकशिपूचा वर आठवा. माणसाकडून नको, पशूकडून नको, दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, जमिनीवर नको, आकाशात नको, शस्त्राने नको. कसलेल्या वकिलाने लिहावे असे ते नियमाचे कलम आहे. त्यातला एकही शब्द मोडला नाही म्हणून तर तिन्हीसांजेला, उंबरठ्यावर, मांडीवर, नखांनी त्याचा निकाल लावणारा नरसिंह आपल्याला मिळाला! 'दिवस' या शब्दाचा अर्थ तिथे ढिला असता, 'रात्री म्हणजे साधारण अंधार पडल्यावर, ते देवाने परिस्थिती पाहून ठरवावे' असे त्यात लिहिले असते, तर खांबातून कुणीही निघाले असते आणि गोष्ट कुणी लक्षात ठेवली नसती. शब्द पक्का असतो तेव्हाच त्याच्या फटीतून निघण्यात गंमत असते.

हे यांच्याच जुन्या पुस्तकावरून दाखवता येईल. १९७८च्या खेळाडूंच्या पुस्तकात आगीच्या गोळ्याचा मंत्र आहे, 'फायरबॉल'. त्यात सांगितले आहे की, गोळा फुटला की आग जागेचा आकार घेते, आणि सुमारे तेहतीस हजार घनफूट जागा भरून टाकते. किती रूक्ष वाक्य! पण ते घेऊन दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा भुयारात जा. भागाकार करा. आग तीनशे तीस फूट पसरणार; मध्यावर फुटली तर दोन्ही अंगांना एकशे पासष्ट फूट. मग ज्या मांत्रिकाने शंभर फुटांवरच्या राक्षसांवर मोठ्या ऐटीत गोळा टाकला, त्याच्या दाढीचे काय होते ते सांगायला नको. या एका आकड्याने किती हसवले, किती पळवले, किती जणांना भुयाराच्या तोंडाशी कागदपेन्सिल घेऊन गणित करायला बसवले! मोघम शब्दाने एवढे नाट्य कधी घडवले आहे? त्याने फक्त वाद घडवले.

'पण इतके नेमके लिहिणे कुणाला जमते?' असे कुणी म्हणेल, तर ते ज्या कंपनीला उत्तम जमते तिचेच हे पुस्तक आहे! विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने १९९३ साली रिचर्ड गारफील्ड यांचा 'मॅजिक' हा पत्त्यांचा खेळ काढला आणि १९९७ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या मूळ कंपनीला विकत घेतले. त्या पत्त्यांच्या खेळाची एक जन्मकथा आहे. प्रसिद्धीपूर्वी खेळ तपासून पाहणे चालू असता एक खेळाडू गारफील्ड यांच्याकडे आला आणि म्हणाला, माझ्याजवळ असे पान आहे की ते टाकले की पुढच्या पाळीला मी हमखास जिंकतो. असे पान तर काढलेच नव्हते! पाहतात तो त्यावर मजकूर, प्रतिपक्षी पुढली पाळी 'लूज' करतो, एवढाच. इंग्रजीत 'लूज' म्हणजे गमावणे आणि 'लूज' म्हणजेच हरणे. लेखकाच्या मनात होते की, प्रतिपक्ष्याची एक पाळी हुकावी. वाचणाऱ्याने घेतले की, पुढल्या पाळीला तो हरला! गारफील्ड यांनी वाचणाऱ्याला अडाणी ठरवले नाही. पान बदलले. आज त्या खेळाचे सविस्तर नियम अडीचशे पानांहून अधिक आहेत, आणि एकेका शब्दाचा अर्थ बांधलेला आहे. म्हणजे लेखणी आहे, शाई आहे, कारागीर आहेत. तिथे बक्षिसांच्या स्पर्धा होतात, पंच असतात, म्हणून शब्द तोलले जातात. इथे पंच नाही, बक्षीस नाही, चार मित्र आहेत, म्हणून चालते! माझ्या मते उलटे हवे होते. जिथे पंच आहे तिथे सैल नियमही निभावतो; जिथे फक्त मैत्री आहे तिथे तिच्यावर ओझे कमी टाकावे.

त्यांच्या बाजूने एक गोष्ट कबूल केली पाहिजे. २००८च्या चौथ्या आवृत्तीत त्यांनी नेमकेपणाचा प्रयोग केला होता. प्रत्येक मंत्र ठरावीक चौकटीत: पल्ला किती, लक्ष्य कोण, परिणाम काय. वाद कमी झाले, पण पुष्कळांना ते पुस्तक धुलाई यंत्राच्या माहितीपत्रकासारखे वाटले. त्यांचे अगदीच चूक होते असे नाही; मंत्राला मंत्राचा वास हवा. पण त्यावर उपाय म्हणून पाचव्या आवृत्तीत बोलीभाषेचा जो पुरस्कार झाला तो आगीतून फुफाट्यात जाण्यासारखा होता. वर्णन रसाळ करा, भुताचा हात किती थंडगार ते दोन ओळी सांगा, कुणी नको म्हटले आहे? त्याखाली परिणामाची एक ओळ कोरडी ठेवा. आपल्या व्रतांच्या पोथ्यांनी हे केव्हाच साधले आहे: कहाणी रसाळ, विधी काटेकोर. कहाणीत राजाला किती राण्या होत्या यावर कुणी अडत नाही, आणि तांदूळ किती मुठी घ्यायचे याबद्दल पोथी गप्प राहत नाही.

२०२४च्या सूत्रधारांच्या पुस्तकात आता असा उपदेश आला आहे की, नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे, आणि ते सद्‌भावाने वाचले जावेत अशी अपेक्षा आहे. उपदेश चांगला आहे. शब्दांची ओढाताण करून खेळ नासवणारे महाभाग असतात, त्यांना तो लागू पडावा. पण अदृश्यदर्शनाच्या वादात दोन्ही बाजूंचा भाव सद्‌भावच होता! एकाने पहिल्या वाचनावर विश्वास ठेवला, दुसऱ्याने छापील अक्षरावर. अशा वाचकाला या खेळात 'रूल्स लॉयर', म्हणजे नियमांचा वकील, अशी शिवी आहे. मला ही शिवीच मुळात आवडत नाही. पुस्तक काळजीपूर्वक वाचणाऱ्याला हिणवणारा आणि निष्काळजीपणे लिहिणाऱ्याला लेखक म्हणून मान देणारा समाज कुठलाही असो, त्याचे काहीतरी बिनसले आहे. झब्बूचे नियम प्रत्येक घरी वेगळे असतात हे मला मान्य आहे; आमच्याकडेही आहेत. पण झब्बूचे पुस्तक पन्नास डॉलरला कुणी विकत नाही.

त्याच २०२४ साली खेळाडूंचेही सुधारलेले पुस्तक निघाले, ३८४ पानांचे. 'चिल टच'ला त्यात एकदाचा स्पर्श मिळाला. 'सजेशन'मधून वाजवीपणाची अट गेली. सूचना पंचवीस शब्दांच्या आत हवी असे ठरले, ते योग्यच झाले. आणि अदृश्यतेच्या कलमात एक वाक्य जोडले गेले की, ज्याला तुम्ही कोणत्याही उपायाने दिसता त्याच्याविरुद्ध हा लाभ नाही. एका ओळीची भर, आणि तिला दहा वर्षे लागली! पण याच पुस्तकात लपण्याचा नियमही नव्याने लिहिला. चोर झुडपामागे लपला आणि फाशाची बेरीज पंधरा किंवा अधिक झाली की, त्यालाही 'अदृश्य' हीच अवस्था द्यायची. आता मांत्रिकाने अदृश्यदर्शनाचा मंत्र म्हटला तर तो चोर झुडपाआडून दिसावा काय? मंत्र म्हणतो, अदृश्य अवस्थेतले जीव दिसतील. चोर त्या अवस्थेत आहे. झुडूप मात्र नाही. शिवाय शत्रूला तो सापडला की ती अवस्था संपते, असे लिहिले आहे. सापडला म्हणजे कुणी मुद्दाम शोधून काढला तर? की चोर आपणहून उठून दिवाणखान्याच्या मध्यावर दिव्याखाली येऊन उभा राहिला तरी पुरे? यावर पुन्हा दोन तट पडले आहेत, आणि दोन्ही तटांच्या हातात तेच पान उघडे आहे.